अस्तराखालची चिठ्ठी

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या हातात आहे, म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पुठ्ठ्याचं अस्तर एका कोपऱ्यात सुटलेलं तुला दिसलं, तिथला लाल दोऱ्याचा टाका दिसला, आणि तुझं नख आपोआप त्या फटीत गेलं. सव्वीस वर्षांनी का होईना, मोडलेली सवय परत आली म्हणायची. आता पहिलं काम कर. न्हाणीघरात जा, कडी लाव, नळ सोड आणि मगच पुढे वाच. वाचून झालं की बारीक तुकडे करून पाण्यात सोडून दे. हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती लागलं तर तो तुझी काय गत करील हे मला ठाऊक आहे, आणि तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. कागद पातळ घेतलाय आणि अक्षर मुंग्यांसारखं काढलंय, नाहीतर अस्तर फुगलं असतं. नव्या चष्म्यामुळे एवढं बारीक जमतंय. तो कुणी करून दिला हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात मात्र मी त्याच्यापासून करणार नाही, तेवढा मान त्याला कशाला? सुरुवात करते आपल्या खुनाच्या पुस्तकांपासून. मी अजून वाचते गं. लोक शिवायला आणून देतात आणि मी आधी वाचते, मग शिवते. बाबांच्या वेळी याला चोरी म्हणायचे, आता दुकान माझं आहे. मागच्या आठवड्यात दीपगृहातल्या खुनाची एक कादंबरी आली होती. अडीचशे पानं जीव मुठीत धरून वाचली आणि शेवटी खुनी कोण, तर तोवर कुणी नावही न घेतलेला जुळा भाऊ! असल्या लेखकाला आपल्या दाबाच्या प्रेसमध्ये आडवा घालावा आणि वरचं चाक दोन फेरे जास्त फिरवावं. मला त्याच आवडतात ज्यात सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं असतं. टेबलावर सुरी, कोपऱ्यात भिजलेली छत्री, मोलकरणीच्या हाताला पट्टी. सगळं दिसतं, आणि तरी आपण ढिम्म बघत बसतो. शेवटच्या फर्म्यातल्या सोळा पानांत कुणीतरी ते एकेक उचलून दाखवतं आणि आपण कपाळावर हात मारून घेतो. स्वतःचा गाढवपणा इतक्या आनंदानं मान्य करायला लावणारं दुसरं काही या जगात नाही.

तुला आठवतो का तो खुनी शोधून काढणारा लंगडा घड्याळजी? निळ्या कापडी बांधणीतले त्याचे अकरा भाग होते. तू सात-आठ वर्षांची, बाबांच्या फुटक्या चष्म्याचं भिंग डोळ्याला लावून त्याच्यासारखी लंगडत दुकानभर फिरायचीस आणि खळीच्या भांड्यात पाय घालायचीस. तुला एका जागी बसणं माहीत नव्हतं, आणि पुस्तक पुरं होईपर्यंत थांबणं तर मुळीच नाही. पंचविसाव्या पानावरच विचारायचीस, ताई, सांग ना, कुणी मारलं. मी सांगायची नाही. मग तू रडायचीस. म्हणून ती युक्ती निघाली. खुनी कोण ते मी एका चिठ्ठीवर लिहायची आणि अस्तराचा कोपरा न चिकटवता चिठ्ठी आत सरकवायची, वर लाल दोऱ्याची खूण. तू हळूच काढून वाचायचीस. मग मी चिठ्ठी काढून टाकायची, कोपऱ्याला खळ लावायची आणि पुस्तक जायचं गिऱ्हाईकाकडे.

आणि आई. तिला वाचता येत नव्हतं, पण तुझ्या-माझ्याहून जास्त कादंबऱ्या तिच्या पोटात होत्या. ती फर्मे शिवायची आणि बाबा बाहेर गेले की मी तिला वाचून दाखवायची. बोटांत सुई, दातांत दोरा, कान माझ्याकडे. तिची खुनी ओळखायची रीत ठरलेली होती. म्हणायची, घरात सगळ्यांत गोड कोण बोलतंय ते बघ, तोच असणार. दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. मी हसायची, म्हणायची, आई, पुरावा लागतो. ती म्हणायची, पुरावा पोलिसांना लागतो गं, बायकांना आवाजावरून कळतं.

आता इथलं ऐक. वाचनालयाच्या बाई अजून दर महिन्याला फाटकी पुस्तकं माझ्याकडे पाठवतात. गेल्या वर्षभरात त्यात सात पुस्तकं अशी आली की शेवटची पानं नाहीत. पहिल्यांदा मी पोरांना शिव्या घातल्या. पण भिंगरी, चाळिशी उलटली की या धंद्यातला माणूस फाटण्यावरून फाडणारा ओळखतो. पोरं फाडतात तेव्हा नागमोडी फाटतं. उंदीर कडा कुरतडतो. इथे शिवणीचा दोरा एका हिसक्यात तुटलेला, सातही वेळा तसाच. सातही खुनाची पुस्तकं. आतल्या तारखांच्या कागदावर सातही वेळा एकच वाचक क्रमांक, तुझा. चौथ्या पुस्तकात पानाच्या तळाशी तपकिरी डाग होता. मी म्हटलं, चहा. ओल्या फडक्यानं पुसायला गेले आणि डाग गंजासारखा लाल पसरला. सहाव्या पुस्तकाच्या घडीत, पाठीच्या आत, अर्धं नख सापडलं. मुळापासून उचकटलेलं. कुणीतरी पुस्तक घट्ट धरून ठेवलं होतं आणि कुणीतरी ओढलं होतं. ते नख मी लिफाफ्यात घालून ठेवलंय.

बाईंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, तुमची बहीण फार उतावळी हो, पुस्तक परत करताना दर वेळी विचारते, बाई, शेवटी कोण निघाला? आणि मी सांगते. त्यांना वाटलं, तू वाचायचा कंटाळा करतेस. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, तुझ्या घरी खुनी सापडायच्या आत शेवट चुलीत जातो.

आईवर चालणारा बाबांचा हात तुला नीट आठवत नसेल, लहान होतीस. मला आठवतो. एकदा आईनं बाराव्या फर्म्याआधी तेरावा शिवला. नगरवाचनालयाचं मोठं काम होतं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला, जणू काही दाखवायचंय, करंगळी प्रेसच्या फळ्यांमध्ये ठेवली आणि चाक फिरवलं. पुठ्ठा चेपताना येतो तसाच आवाज आला. आई किंचाळली नाही, कारण वरच्या खोलीत तू झोपली होतीस. नंतर तिनं ती करंगळी दोन पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांत बांधली आणि उरलेले फर्मे त्याच हातानं शिवले. तुला सांगितलं, दारात सापडली. पट्ट्याचे वळ, पाठीवर हातोडीच्या मागच्या बाजूचा गोल काळा डाग, चहा सांडला म्हणून गालावर उलटी लावलेली गरम किटली, या सगळ्याला आपल्या घरात एक दार, एक खिळा नाहीतर एक पायरी जबाबदार असायची. किती दुष्ट वस्तू होत्या आपल्याकडे!

मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे आले ती चष्म्यासाठी नव्हेच. मला तुझं नख बघायचं होतं. आमचे जावईबापू काय प्रेमानं बोलले! या ताई, बसा ताई. हनुवटी या पट्टीवर टेकवा, घाबरू नका, अजिबात दुखणार नाही. डोळ्यांत थेंब टाकले तेही असे की कळलंच नाही. दारात एक म्हातारे गिऱ्हाईक बसले होते, ते म्हणाले, देवमाणूस आहे. मग तू चहा घेऊन आलीस. डावा हात गळ्यात बांधलेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नव्हतं. मी विचारलं, हाताला काय झालं गं? तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, काही नाही ताई, पाय घसरला. तो हसला. म्हणाला, फार वेंधळी आहे ही, जिन्याशी वैरच आहे हिचं. आणि त्यानं माझ्या डोळ्यापुढे काच सरकवली. ही नीट की ही? ही नीट की ही? त्या दुसऱ्या काचेतून मला तुझा कान दिसला, पाळी खालपर्यंत चिरलेली आणि तीन टाके घातलेले. मी म्हटलं, ही नीट. अगदी नीट दिसतंय. तो म्हणाला, शाब्बास.

घरी आल्यावर मी किती खून केले असतील त्याचे! चारशेच्या वर कादंबऱ्या वाचल्यात मी, साधनांची कमी नाही. त्याच्याच थेंबांच्या बाटलीत काय मिसळायचं हे मला पाठ आहे. पुठ्ठा कापायची सुरी बरगड्यांच्या कुठल्या फटीतून वर घालायची हेही. एक दिवस तर ती सुरी मी खरोखर दगडावर घासली आणि पिशवीत टाकून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. त्याच्या मानेकडे बघत समोरच्या ओट्यावर तासभर बसले. तो एका शाळकरी मुलीच्या नाकावर चष्मा बसवत होता, बोटांच्या टोकांनी. उठले आणि परत आले. भित्री आहे म्हणून नव्हे. मी त्याला मारलं असतं तर पोलीस तुझ्याकडे आले असते आणि तू त्यांना शांतपणे सांगितलं असतंस की यांचा पाय घसरला. आपल्या घरात कुणासाठीही तेच सांगायचं असतं, आणि ते तुला मीच शिकवलंय. त्याबद्दल आता लिहिते. नळ चालू आहे ना?

आई गेली त्या दिवशी तू शाळेत होतीस. दुपारची वेळ. सदरा इस्त्रीचा, छत्री काखेत, असे एक गृहस्थ दुकानात आले आणि त्यांनी टेबलावर एक पुस्तक आणि एक चिठ्ठी ठेवली. म्हणाले, पुस्तक बांधायला दिलं होतं, निकाल लावायला नाही. चिठ्ठी माझी होती. आदल्या दिवशी तू वाचलीस आणि मी काढून टाकायची विसरले. घाईत कोपऱ्याला खळ लावली, तीही पातळ, आणि त्यांच्या घरी अस्तर सुटलं. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, नवऱ्यानेच मारलं. कुठल्या लेखकानं हे असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, अती झालं. पण तसंच झालं.

गृहस्थ गेले. बाबांनी दार लोटलं आणि विचारलं, कुणी लिहिली? मी सोळा वर्षांची होते. हातातला कातरलेल्या कागदांचा ढीग माझ्या पायांशी पडला. आई शिवण खाली ठेवून उठली आणि म्हणाली, मी लिहिली. बाबा हसले. आपल्याकडे ते हसले की मी भिंतीला टेकून उभी राहायची. त्यांनी शाईची दौत तिच्यापुढे सरकवली, कागद ठेवला, टाक दिला. म्हणाले, लिही बघू. नवऱ्यानंच मारलं, लिही. आईनं टाक सुईसारखा धरला. बोटं दौतीत बुडाली. एक उभी रेघ काढली तिनं, त्या रेघेवर मोठा थेंब पडला, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. पुढे काय काढायचं असतं, असं विचारल्यासारखं. मी मान खाली घातली. मग बाबांनी तिच्या अंबाड्याला धरलं आणि तेरा पायऱ्या वर नेलं. मी खालीच उभी होते. वरच्या पायरीवर त्यांचे दोन्ही तळहात तिच्या छातीवर टेकलेले मी पाहिले. ढकललं. पडली नाही गं ती. ढकललं. तिचं डोकं तिसऱ्या पायरीला लागलं, नंतर सातव्या, आणि ती येऊन थांबली माझ्या पायांशी, कातरणाच्या ढिगात. कागद रक्त किती पटकन पितो हे मला तेव्हा कळलं. तिचे डोळे उघडे होते. मी तिची मान सरळ करायला गेले आणि ती हातात सैल फिरली.

हवालदार आला तेव्हा बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. फार मऊ ठेवला होता त्यांनी. हवालदारानं पेन्सिल काढली, विचारलं, कशी पडली? मी म्हटलं, पाय घसरला. त्यानं लिहून घेतलं, पाणी मागितलं. आईच्या उजव्या हाताची तीन बोटं शाईनं निळी होती आणि तो हात त्याच्या बुटापासून वीतभर लांब होता. त्यानं पाहिला. मी त्याला पाहताना पाहिलं. त्यानं काही विचारलं नाही. इतक्यात दप्तर घेऊन तू दारात आलीस. रडली नाहीस लगेच. आधी जवळ येऊन वाकलीस, आणि स्वच्छ आवाजात सगळ्यांपुढे म्हणालीस, ताई, आईला तर लिहिता येत नाही, मग हिच्या बोटांना शाई कशी?

माझ्या खांद्यावरचा हात आवळला. आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की तू शिवणीच्या चौकटीवर आपटलीस आणि खालचा ओठ फुटला. तो वण अजून आहे, चहा देताना दिसला मला. हवालदार म्हणाला, लहान आहे, धक्का बसलाय. गेला. त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले, मऊ अंथरुणात मेले, शेवटचं वर्ष मी त्यांना चमच्यानं पेज भरवली. आणि तू त्या दुपारनंतर भिंग फेकून दिलंस. मला कधी विचारलं नाहीस की खुनी कोण. बाबांना नाही, शाळेत नाही, लग्न ठरताना नाही, लग्नानंतरही नाही. लोक म्हणायचे, काय शांत मुलगी आहे. बाबांनी आईला मारलं, मला मारलं, पण तुझ्यावर हात टाकणारी पहिली मी. आपल्या घरात पहिल्याच दिवशी बरोबर प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, आठ वर्षांचं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं. मला याची लाज वाटते, भिंगरी. रोज वाटते. क्षमा माग असं मन म्हणतं, पण आधी उत्तर द्यायला हवं, म्हणून हे पत्र.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. बोटांना शाई होती कारण आई माझ्यासाठी खोटं बोलली आणि ते खरं करून दाखवायचा तिनं प्रयत्न केला. खुनी बाबा. साक्षीदार मी. हे सगळं मी सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं. तिथे आता एक बाई अधिकारी आहेत, गोड अजिबात बोलत नाहीत, आईला आवडल्या असत्या. मी त्यांच्यापुढे आईचा तो एका रेघेचा कागद ठेवला, त्या दुपारी उचलून इतकी वर्षं लपवलेला, मग सात पुस्तकं, मग नखाचा लिफाफा. त्यांनी सगळं भिंगाखाली बघितलं आणि विचारलं, त्या वेळी कुणी काहीच कसं विचारलं नाही? मी म्हटलं, एकीनं विचारलं होतं, तिच्यासाठीच आलेय. कादंबरीतला शोधक नेहमी प्रेत पडल्यावर येतो. मी आयुष्यभर त्याचंच कौतुक करत आले. या खेपेला मला आधी यायचंय. गुरुवारी चार वाजता तो शाळेत मुलांचे डोळे तपासायला जातो आणि तुला पुस्तक बदलायला अर्धा तास मिळतो, हे मला बाईंनी सांगितलं. काहीही बरोबर घेऊ नकोस, पिशवीसुद्धा नाही, फक्त हे पुस्तक, म्हणजे कुणी बघितलं तरी नेहमीसारखंच दिसेल. बाई तुला फाटक्या पुस्तकांच्या खोलीतून मागच्या दाराशी नेतील. दाराबाहेर मी असेन, आणि त्या अधिकारी बाई असतील. त्या विचारतील, हाताला काय झालं? तिथे तुझा पाय घसरला नाही, एवढंच सांग. बाकीचं मी सांगेन. आणि गुरुवारपर्यंत हे पुस्तक त्यानं ओढलं तर या वेळी धरून ठेवू नकोस, सोडून दे. फाडायला त्यात काही नाही. शेवटचा फर्मा मी शिवलेलाच नाही. तो माझ्या टेबलावर, तुझ्या त्या जुन्या भिंगाखाली ठेवलाय. खुनी कोण ते हवं असेल तर माझ्याकडे यावं लागेल. ये, आणि दारातूनच मोठ्यानं विचार.

तुझं तोंड बंद करणारी, आणि आता तुझ्या आवाजासाठी कान लावून बसलेली,

तुझीच,
ताई